मामांच्या मशरूमवरचे डाग

जानेवारीतल्या एका सकाळी मामांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. बटण मशरूमची टोपी आणि तिच्यावर चहा सांडून वाळल्यासारखे डाग. खाली एकच ओळ: "हे काय असतं गं?"

मी तेव्हा पुण्यात एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्टचा विषय ठरला होता मातीतले ॲक्टिनोमायसिटीस नावाचे जिवाणू. त्यावर आमच्या आधीच्या तीन बॅचनी काम केलं होतं आणि पुढच्या तीन करणार होत्या. त्यामुळे मामांचा फोटो मी जरा जास्तच वेळ बघत बसले.

मामांची शेड वाईच्या पुढे आहे. पफ पॅनेलच्या दोन खोल्या, आत लोखंडी रॅक, रॅकवर कंपोस्टच्या पिशव्या. कंपोस्ट ते स्पॉन, म्हणजे मशरूमचं बी, घातलेलं तयार आणतात, केसिंगचा, म्हणजे कंपोस्टवर पसरायच्या मातीसारख्या मिश्रणाचा, दीड इंचाचा थर मात्र स्वतःच चढवतात. आत सोळा-सतरा अंश तापमान आणि पंच्याऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता ठेवायची, एवढ्यासाठी महिन्याचं वीजबिल पाहून मामी देवाचं नाव घेतात. दुसऱ्या तोडीला डाग सुरू झाले. औषधाच्या दुकानदाराने कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दिलं, ते दोनदा फवारून झालं आणि डाग होते तसेच राहिले. डागाळलेला माल हॉटेलवाला निम्म्या भावात मागायचा, नाहीतर घ्यायचाच नाही.

मी फोटो मॅडमना दाखवला. त्यांनी तो मोठा केला, कमी केला आणि विचारलं, "डाग ओला आहे की कोरडा?"

मी मामांना फोन लावला. मामा म्हणाले, "ओला म्हणजे... चिकट लागतोय हाताला. सर्दीच्या शेंबडागत."

मॅडम हसल्या. "मग बुरशीनाशक का मारतायत? कोरडी, राखाडी, वेडीवाकडी वाढलेली मशरूम असती तर बुरशी म्हटलं असतं. हे बॅक्टेरिया दिसतंय." ॲक्टिनोमायसिटीसमधून माझी सुटका अशी झाली.

पहिलं सॅम्पल सपशेल वाया गेलं. मामांनी पाव किलो मशरूम कॅरीबॅगेत बांधून एसटीच्या कंडक्टरकडे दिले. स्वारगेटला मी ते घेतले तेव्हा पिशवीच्या आत पाणी सुटलं होतं आणि सगळेच्या सगळे तपकिरी झाले होते. प्लॅस्टिकमध्ये कोंडलेल्या मशरूमवर चार-पाच तासांत काय वाट्टेल ते वाढतं. त्यातून मूळ रोगाचा जिवाणू शोधणं म्हणजे जत्रा उठल्यावर मैदानात पाकीटमार शोधणं. दुसऱ्या वेळी मी स्वतः गेले. कागदी पिशव्या आणि थर्मोकोलचा आइसबॉक्स सोबत नेला. डागाळलेले वीस मशरूम घेतले, त्याच रॅकवरचे बिनडागाचे दहा घेतले आणि दुसऱ्या खोलीतलेही दहा. बिनडागाचे कशाला, असं मामांनी विचारलं. तेव्हा मी पुस्तकातलं उत्तर दिलं, "कंट्रोल लागतो." त्या वीस मशरूमनी मला सरळ चुकीच्या वाटेला नेलं आणि परत आणलं ते या बिनडागाच्यांनी, हे तेव्हा माहीत नव्हतं.

शेडमध्ये उभं राहिल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली. डाग सगळीकडे सारखे नव्हते. जिथे दोन टोप्या एकमेकींना चिकटून वाढल्या होत्या तिथे, टोपीच्या खोलगट भागात आणि कूलरच्या खालच्या रॅकवर ते जास्त होते. पाणी जिथे साचून राहील तिथे. मी वहीत शेडचा नकाशा काढून फुल्या मारल्या. मामा म्हणाले, "पंचनामा करायलीस जनू."

लॅबमध्ये आल्यावर काम सुरू झालं ते ब्लेडने. डागाच्या मधोमध घ्यायचं नसतं, तिथे सडका माल असतो आणि सडक्यावर जगणारे दहा जण असतात. डाग आणि चांगला भाग जिथे मिळतात ती कड घ्यायची. ब्लेडने पातळ काप काढला तर तपकिरी रंग दोन-तीन मिलिमीटरच आत गेलेला दिसला, खाली गर पांढरास्वच्छ. हेही एक लक्षणच. या रोगाला इंग्रजीत ब्राऊन ब्लॉच म्हणतात आणि तो वरवरचाच असतो. मशरूम आतून कुजत नाही, फक्त विकण्यालायक राहत नाही. भाजीच्या निर्जंतुकीकरणाला आम्ही हायपोक्लोराइट वापरतो, पण मशरूम स्पंजसारखा पितो, म्हणून मी निर्जंतुक पाण्यातून तीनदा खळबळून काढला. मग सलाइनमध्ये चेचला, दहा-दहा पट पातळ करत सहाव्या नळीपर्यंत गेले आणि किंग्ज बी अगर या जेलीसारख्या माध्यमाच्या प्लेटांवर पसरला.

किंग्ज बी का, ते सांगते. संशय स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूंच्या कुळावर होता. हे माध्यम १९५४ साली किंग आणि सहकाऱ्यांनी स्यूडोमोनासची रंगद्रव्यं उठून दिसावीत म्हणूनच तयार केलं. यात जिवाणूला लोह पुरेसं मिळत नाही. मग तो लोह ओढून घेण्यासाठी पायोव्हर्डिन नावाचं हिरवट-पिवळं द्रव्य सोडतो आणि ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली ते चमकतं. दोन दिवस पंचवीस अंशांवर प्लेटा ठेवल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डार्करूममध्ये दिवा लावला आणि अक्षरशः काजव्यांचं झाड दिसलं. डागाच्या प्लेटेवर निळसर-हिरव्या कॉलन्या, म्हणजे जिवाणूंच्या वाढीचे ठिपके, झगमगत होत्या. मी फोटो काढले, मामांना पाठवले आणि वर लिहिलं, "सापडला!"

या एका शब्दाची मला पुढचे दोन महिने लाज वाटत होती.

मी सहा झगमगीत कॉलन्या निवडल्या, पुन्हापुन्हा स्ट्रीक मारून, म्हणजे नव्या प्लेटेवर रेघोट्या ओढून, शुद्ध केल्या आणि त्यांना म-१ ते म-६ अशी नावं दिली. ग्रॅम निगेटिव्ह, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, कॅटॅलेज पॉझिटिव्ह, सगळं स्यूडोमोनाससारखं. मॅडमनी वही पाहिली आणि विचारलं, "बिनडागाच्या प्लेटा कशा आहेत?"

त्या मी नीट पाहिल्याच नव्हत्या. दिव्याखाली ठेवल्या तर त्याही चमकत होत्या. जवळजवळ तितक्याच.

"मशरूमवर आणि केसिंगमध्ये स्यूडोमोनास असतोच," मॅडम म्हणाल्या. "केसिंगमधला स्यूडोमोनास पुटिडा तर पिनहेड, म्हणजे मशरूमच्या बारीक कळ्या, धरायला मदत करतो. तो मेला तर तुझ्या मामांना पीकच येणार नाही. चमकतो म्हणून गुन्हेगार, असं कसं? गुन्हा करून दाखवू दे त्याला."

गुन्हा करून दाखवायची चाचणी सोपी आहे. वाँग आणि प्रीस यांनी १९७९ साली लिहून ठेवली आहे आणि अजून तीच चालते. ताज्या बटण मशरूमच्या टोपीचे सेंटिमीटरभर चौकोनी तुकडे करायचे, ओल्या फिल्टर पेपरवर पेट्रीप्लेटेत मांडायचे, प्रत्येकावर जिवाणूच्या दाट मिश्रणाचा थेंब सोडायचा आणि एकावर नुसतं निर्जंतुक पाणी. रोगकारक असेल तर थेंबाखाली तपकिरी होऊन खड्डा पडतो. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मशरूमचं पॅकेट आणलं, तुकडे केले, थेंब सोडले. दोन दिवसांनी सगळे तुकडे पांढरे. म-१ पासून म-६ पर्यंत सगळे आणि पाण्याचाही. इतके पांढरे की संशय यावा.

संशय लॅब असिस्टंट काकांना आला, मला नाही. ते म्हणाले, "अगं, पॅकेटातले मशरूम धुतलेले असतात. केएमएसमध्ये." पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. पांढरेपणा टिकावा म्हणून बरेच उत्पादक मशरूम त्याच्या पाण्यातून काढतात. तपकिरी होण्याची क्रियाच ते दाबतं आणि मी त्याच मशरूमवर तपकिरी होण्याची वाट बघत होते.

मग मामांच्याच दुसऱ्या खोलीतले न धुतलेले मशरूम आणले. या वेळी तुकडे तपकिरी झाले, पण पाण्याच्या थेंबाखालीही थोडे झालेच. कापलेलं सफरचंद लालसर होतं तसा मशरूमही कापला की आपोआप रंग धरतो. म्हणून रंगाकडे न बघता खड्ड्याकडे बघायचं. सुई आडवी धरून पृष्ठभागावरून फिरवली की कळतं; गर बसलेला असेल तर टोक खाली उतरतं. सहापैकी एकाही तुकड्यात सुई उतरली नाही.

त्या रात्री होस्टेलवर मी मामांना फोन केला नाही. मामींचा आला. "ह्यांनी सगळ्यांना सांगितलंय, भाचीनं किडा धरला म्हणून." मी म्हटलं, "मामी, किडा सुटला." त्या म्हणाल्या, "सुटू दे. जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी मी मूळ प्लेटा फ्रिजमधून काढल्या. सुदैवाने फेकल्या नव्हत्या. फेकायच्या पिशवीत बांधून ठेवल्या होत्या एवढंच. या वेळी दिवा न लावता साध्या उजेडात पाहिल्या. प्लेट तिरपी धरली की कॉलन्यांची उंची दिसते. चमकणाऱ्यांच्या मध्ये दुसऱ्याही कॉलन्या होत्या: दुधट, अपारदर्शक, गुळगुळीत, थोड्या फुगीर, जणू पांढऱ्या डिंकाचे थेंब. दिव्याखाली त्या अगदीच मंद दिसत, म्हणून मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बिनडागाच्या प्लेटांवर या जातीची कॉलनी शोधली. दहा मशरूमच्या प्लेटांवर मिळून एक सापडली. डागांच्या प्रत्येक प्लेटेवर पाच-सहा तरी होत्या.

तिथून पाच कॉलन्या उचलल्या, म-७ ते म-११. पुन्हा तुकडे, पुन्हा थेंब. चोवीस तासांत म-७, म-८ आणि म-११ च्या थेंबांखाली रंग आला. अठ्ठेचाळीस तासांत म-७ खाली गर चॉकलेटी होऊन असा बसला होता की वरून बोट दाबून काढून घेतल्यासारखं वाटावं. कड ओली, चकचकीत. पाण्याचा तुकडा नुसता फिकट पिवळसर. सुई फिरवायची गरजच पडली नाही. मी तो तुकडा प्लेटेसकट मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि काही बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. भिंग घेऊन बघत बसल्या.

हा गर बसतो कसा, त्यामागची यंत्रणा मोठी देखणी आहे. संशय ज्याच्यावर होता तो स्यूडोमोनास टोलासी. अमेरिकेत टोलास नावाच्या संशोधकाने १९१५ साली हा रोग पहिल्यांदा लिहून ठेवला, त्याच्यावरून १९१९ मध्ये इंग्लंडमध्ये पेनने जिवाणूला नाव दिलं. हा जिवाणू टोलासिन नावाचं विष सोडतो. अठरा अमिनो आम्लांची छोटी साखळी आणि तिला चरबीची शेपटी. ती मशरूमच्या पेशींच्या पडद्यात घुसून भोकं पाडते. पेशीतला ऐवज बाहेर सांडतो, मशरूमचंच टायरोसिनेज कामाला लागतं आणि तपकिरी रंग तयार होतो. म्हणजे डागाचा रंग जिवाणूचा नाहीच, मशरूमचा स्वतःचाच. हीच भोकं टोलासिन तांबड्या रक्तपेशींनाही पाडतं, म्हणून रक्त मिसळलेल्या ब्लड अगरवर म-७ भोवती स्वच्छ वर्तुळ आलं तेव्हा आनंद झाला. पण ब्लड अगरवर वर्तुळ काढणारे अनेक असतात, त्यामुळे ती फक्त साक्ष.

खरी ओळखपरेड म्हणजे पांढऱ्या रेघेची चाचणी. तीही वाँग-प्रीस यांचीच. स्यूडोमोनास 'रिॲक्टन्स' म्हणून ओळखला जाणारा दुसरा एक मशरूमवासी जिवाणू आहे. त्याची आणि टोलासीची स्ट्रीक किंग्ज बी अगरवर शेजारी शेजारी, अर्धा-एक सेंटिमीटर अंतर ठेवून मारली, तर दोघांनी सोडलेली द्रव्यं अगरमध्ये एकमेकांना भेटतात आणि मधोमध पांढरी रेघ गोठते. अडचण अशी की आमच्याकडे ओळखीचा 'रिॲक्टन्स' नव्हता. कल्चर कलेक्शनमधून मागवायचा तर अर्ज, सही, शिक्का, पैसे आणि महिना.

मॅडम म्हणाल्या, "अर्ज करून टाक. तोपर्यंत तुझे ते सहा काजवे आहेत ना? त्यांच्यात असू शकतो एखादा." मी म-१ ते म-६ प्रत्येकासमोर म-७ मारला. सहा प्लेटा. तिसऱ्या दिवशी पाच प्लेटांवर काही नव्हतं. सहावी, म्हणजे म-४ ची, मी खिडकीकडे धरली. दोन स्ट्रीकच्या मध्ये, अगरच्या आत, पांढरा दोरा. पातळ, पण सरळ. खडूने ओढावा तसा. प्लेट हलवून पाहिली, बोटाचा ठसा तर नाही ना म्हणून झाकण पुसलं. रेघ जागेवरच होती. ज्या काजव्यांना मी गुन्हेगार ठरवून मामांना फोटो पाठवले होते, त्यांच्यातलाच एक साक्षीदार निघाला.

अर्थात आपल्याच दोन अनोळखी जिवाणूंनी रेघ काढली म्हणजे दोघांची नावं सिद्ध झाली असं होत नाही. कोण कोणतं द्रव्य सोडतोय ते ओळखीच्या कल्चरशिवाय कळत नाही, आणि पांढरी रेघ काढणारे टोलासीचे इतर भाऊबंदही आहेत. फिनलंडमध्ये सापडलेला स्यूडोमोनास कोस्टँटिनी हा त्यातलाच, तोही मशरूमवर तपकिरी डाग पाडतो. पुढे ओळखीचं कल्चर आलं, म-७ आणि म-८ दोघांनीही त्याच्यासमोर रेघ दिली आणि मी सुटकेचा श्वास टाकला. म-११ ने मात्र दिली नाही. त्याच्याकडे नंतर येते.

मधल्या काळात एक घोटाळा झाला, तो माझ्या वहीतल्या सगळ्यात काळ्या पानावर आहे. मी दर आठवड्याला म-७ नव्या स्लँटवर, म्हणजे नळीतल्या तिरप्या अगरवर, उतरवत होते, जिवंत राहावा म्हणून. सहाव्यांदा उतरवला तेव्हा स्ट्रीकच्या कडा जरा पातळ, पसरट दिसल्या. लक्ष दिलं नाही. तुकड्यांवर थेंब सोडले तर खड्डा नाही. पुन्हा केलं, नाही. पांढरी रेघ नाही. दिव्याखाली ठेवला तर झगमग! मला वाटलं, माझ्याकडून भेसळ झाली, काजव्यांपैकी कुणीतरी घुसला. दोन दिवस मी लॅमिनारचा, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटाचा, कोपरा न् कोपरा स्पिरिटने पुसत होते.

मॅडमनी शुद्धतेसाठी पसरून पाहायला सांगितलं. प्लेटेवर दोन प्रकारच्या कॉलन्या आल्या: थोड्या दुधट-फुगीर, बऱ्याच चपट्या-पारदर्शक. "ही भेसळ वाटत नाही," त्या म्हणाल्या, "हा रूप बदलतोय." टोलासीची ही जुनी खोड आहे. मशरूमवर असतो तेव्हा दुधट, चिकट, विष सोडणारा. लॅबच्या आयत्या खाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढवला की त्यातून चपटा, पारदर्शक, जास्त चमकणारा प्रकार निपजतो आणि तो टोलासिन सोडतच नाही. तुकड्यांवर निरुपद्रवी. म्हणजे मी जितक्या काळजीने त्याला खाऊपिऊ घालत होते, तितका तो सभ्य होत चालला होता. कोण किती साधा हे वातावरणावर ठरतं, असं आमची आजी शेजारच्या घरजावयाबद्दल म्हणायची, ते आठवलं.

वाचले ते एका सवयीमुळे. पहिल्याच शुद्ध कल्चरमधून काकांनी माझ्याकडून हट्टाने वीस टक्के ग्लिसरॉलमधल्या पाच छोट्या कुप्या करून उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवून घेतल्या होत्या. तेव्हा मी मनात चरफडले होते, कारण ते शनिवारी दुपारी होतं. एक कुपी फोडली, पसरवली: सगळ्या कॉलन्या दुधट. तुकड्यावर खड्डा. काकांना मी पेढे दिले, कशाचे ते त्यांनी विचारलं नाही.

आता उरलं रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाच्या कसोटीचं काम. रोगी मशरूममधून काढलेला जिवाणू निरोगी मशरूमला लावून तोच रोग झाला पाहिजे आणि तिथून तोच जिवाणू पुन्हा मिळाला पाहिजे. कापलेल्या तुकड्यावरचं नाटक वेगळं, उभ्या मशरूमवर वेगळं. मामांना विचारलं, शेडमध्ये दोन पिशव्यांवर फवारू का? फोनवर इतका वेळ शांतता होती की मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "पिशव्या घेऊन जा. पुण्याला." तेही बरोबरच होतं, मीच विचारायला नको होतं. सहा पिशव्या पुण्याला आल्या आणि कॉलेजच्या कूलिंग कॅबिनेटमध्ये तीन-तीन करून दोन कप्प्यांत बसल्या. टोप्या सुपारीएवढ्या झाल्यावर तीनवर म-७ आणि तीनवर निर्जंतुक पाणी फवारलं. ओल टिकावी म्हणून वर ओलं मलमल. तिसऱ्या दिवशी सकाळी म-७ च्या पिशव्यांवर फिकट पिवळे ठिपके, संध्याकाळी ते तपकिरी. मामांच्या फोटोतलेच डाग. पाण्याच्या पिशव्या पांढऱ्या. एकीच्या कोपऱ्यात एक डाग दिसला आणि पोटात गोळा आला. त्यातून काढलेल्या जिवाणूने ना खड्डा दिला ना रेघ. फवारलेल्या मशरूममधून पुन्हा म-७ सारखाच जिवाणू निघाला आणि त्याने म-४ समोर रेघ काढली.

डीएनएचं सगळे विचारतात, म्हणून लिहिते. जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात त्या १६एस जनुकाचे साधारण दीड हजार अक्षरांचे तुकडे वाढवून सिक्वेन्सिंगला पाठवले. अहवाल आला तो असा की म-७ नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त जुळतो, पण एकाशी नाही, एका दमात डझनभर स्यूडोमोनासांशी. यादीतलं पहिलं नाव टोलासी नव्हतंच. माझ्या एका मैत्रिणीने प्रबंधात अशाच यादीतलं पहिलं नाव उचलून लिहिलं होतं आणि तोंडी परीक्षेत रडली होती. फ्लुओरेसन्स गटातल्या स्यूडोमोनासांचं १६एस इतकं सारखं असतं की त्यावरून जात सांगणं म्हणजे आडनावावरून माणूस ओळखणं. एका गावात पन्नास जाधव. जायरेज बी या दुसऱ्या जनुकाचा तुकडा पाठवल्यावर म-७ टोलासीच्या फांदीवर जाऊन बसला. पैसे एकाच नमुन्यापुरते होते, म्हणून म-८ तसाच राहिला.

मामांना हे सगळं नको होतं. त्यांचा प्रश्न सरळ होता: "आता मारायचं काय?"

मी स्वॅब घेऊन पुन्हा शेडमध्ये गेले. टाकीचं पाणी, केसिंग, तोडणीचे क्रेट, तोडणाऱ्या दोघींचे हात, कूलरखालची पन्हळ. दुधट कॉलन्या काढून म-४ समोर मारल्या. रेघ आली क्रेटवरच्या आणि पन्हळीतल्या जिवाणूंची. पन्हळीतून थेंब थेट खालच्या रॅकवर पडत होते. माझ्या नकाशातल्या फुल्या तिथेच दाट होत्या. त्यात मामांकडे दुपारी लाईट जायची, कूलर बंद पडायचा, परत आला की टोप्यांवर दव जमायचं. या जिवाणूला डाग पाडायला ओल्या पापुद्र्याची गरज असते. पाणी दिल्यावर दोन-तीन तासांत टोप्या सुकल्या तर तो बसून राहतो, फारसं काही करू शकत नाही.

म्हणून मारायचं कमी आणि सुकवायचं जास्त. पाणी सकाळी, पंखा चालू असताना. लाईट जायच्या वेळेला पाणी अजिबात नाही. पन्हळीला पाइप जोडून पाणी बाहेर. माश्या हा जिवाणू अंगावर घेऊन फिरतात, म्हणून खिडकीला बारीक जाळी. पाण्यात ब्लीचिंग पावडर, तिचा हिशोब मामांनी माझ्याकडून दोनदा करून घेतला: दीडशे पीपीएम क्लोरीन हवं, पावडरमध्ये उपलब्ध क्लोरीन साधारण तीस टक्के, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम, हजार लिटरच्या टाकीला अर्धा किलो. आदल्या रात्री बादलीत कालवायची, वरचं नितळ घ्यायचं, गाळ टाकून द्यायचा. क्लोरीन केसिंगवर पडलं की तिथल्या सेंद्रिय पदार्थातच खर्ची पडतं, एकदा डाग पडलेला मशरूम त्याने पांढरा होत नाही, हेही सांगितलं. "म्हणजे आलेलं जात नाही, येणारं थोपतं," मामांनी मामींना समजावलं. पुढच्या बॅचला डाग आले, पण खालच्या रॅकपुरते, आणि पहिल्या तोडीला तर हॉटेलवाल्याने भावाची घासाघीस केलीच नाही.

राहिला म-११. तुकड्यावर खड्डा पाडतो, पण त्याचा रंग चॉकलेटी नसून आल्याच्या चहासारखा पिवळट-तांबूस आहे आणि पांढरी रेघ कधीच देत नाही. इंग्लंडमध्ये १९८२ साली अशाच डागांमधून स्यूडोमोनास जिंजेरी वेगळा काढला गेला होता; जिंजर म्हणजे आलं, ते नावातच आहे. म-११ तो आहे असं मी लिहिलं नाही. तुलनेला ओळखीचं कल्चर नव्हतं आणि सिक्वेन्सिंगचे पैसे संपले होते. प्रबंधात त्याच्यापुढे "अनिश्चित" असं छापलं आहे. परीक्षकांनी त्या शब्दावर पेन्सिलीने गोल केला आणि पाच मिनिटं फक्त त्याच्यावरच प्रश्न विचारले. उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये, तिसऱ्या खणात, त्याच्या चार कुप्या अजून आहेत.